खुर्चीच्या अंगातलं लोखंड

पैज अर्ध्या मिशीची लागली. पूर्ण मिशी गेली तर माणूस निदान तरुण दिसतो. अर्धी गेली की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा थांबून विचार करतं. म्हणून अर्धी. काढायची ती चौकात, दिवसाढवळ्या, चारचौघांसमोर, आणि उरलेली अर्धी महिनाभर तशीच मिरवायची.

पैज लावणारे दोघं. एक मी. या गल्लीत अठ्ठावीस वर्षं माझं केस कापायचं दुकान आहे. दुसरा समोरचा भंगारशेठ. त्याची मिशी अशी, की दुकानात आधी ती येते आणि मग तो येतो. त्या दिवशी तो दाढीला बसला आणि फेस लावून होईपर्यंतसुद्धा त्याला दम निघेना.

"अरे, या डोळ्यांनी बघितलं! बेकरीवाल्याच्या छातीवरनं चुंबक फिरवला आणि आतलं लोखंड बाहेर! काळं काळं! वाटीत टिकटिक पडलं. काट्यावर तोललं, चौदा ग्रॅम!"

"अख्ख्या माणसात चार ग्रॅम असतं," बाहेरून आवाज आला. "बेकरीवाल्याला आता दहा ग्रॅम उधार आणावं लागणार."

ही टाचणी. शेजारच्या शिवणकामाच्या दुकानातल्या वहिनींची मुलगी, वय पंधरा. काटकुळी, आणि जिथं बसेल तिथं टोचणारी, म्हणून टाचणी. तिचे वडील लांब पल्ल्याच्या ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी.

टाचणीला जन्मापासून थॅलेसेमिया. म्हणजे तिचं स्वतःचं रक्त टिकत नाही. दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात जायचं आणि दुसऱ्याचं रक्त चढवून घ्यायचं. आता रक्त आलं की त्याच्याबरोबर लोखंड येतं. आणि माणसाच्या शरीराला लोखंड आत घ्यायचं दार आहे, बाहेर घालवायचं नाही. मग ते साठतं. यकृतात साठतं, हृदयात साठतं. ते काढायला गोळ्या असतात, रोज पाण्यात विरघळवून प्यायच्या. टाचणी म्हणायची, चुना लावलेली भिंत चाटल्यासारखी चव आहे. पोट बिघडायचं ते वेगळंच.

"वहिनींना सांगतो मी," भंगारशेठ म्हणाला. "लोखंडाचाच त्रास आहे ना पोरीला? मग लोखंड ओढणाराच आलाय गावात! दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक. सात बैठका केल्या की अंग लखलखीत."

"शेठ, तू भंगारवाला. आयुष्य लोखंडात गेलं तुझं. तुला पटतं हे?"

"मला नाही पटणार तर कुणाला पटणार? आमच्याकडे क्रेनला चुंबक लावला की गाडीचा दरवाजा उचलतो. मग एवढंसं रक्तातलं काय?"

"रक्तातलं लोखंड म्हणजे खिळे नसतात."

"लाव पैज! पोरीची मोठी तपासणी वर्षातून एकदा होते ना, त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये? सात बैठकांनंतर त्या मशीनमध्ये तिचं हृदय स्वच्छ दिसलं नाही, तर ही अर्धी मिशी तुझी!"

"आणि दिसलं तर माझी."

मी हात पुढं केला. फेसानं माखलेल्या तोंडानिशी त्यानं तो हातात घेतला. बाहेर टाचणी म्हणाली, "माझ्या हृदयावर पैज लावताय, निदान मला चहा तरी पाजा." आम्ही हसलो. चहाही पाजला. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चुंबकबाबा म्हणजे जटा आणि भगवं कापड, असं काही नव्हतं. इस्त्रीचा सफारी, खिशाला तीन पेनं, सोनेरी काडीचा चष्मा. बैठक नगरपालिकेच्या सभागृहात. पंखे गरगरतायत, प्लास्टिकच्या खुर्च्या संपल्यात, लोक खिडकीत बसलेत. आणि बाबाच्या हातात माइक.

"पृथ्वी काय आहे? चुंबक! तुमच्या रक्तात काय आहे? लोखंड! मग तुम्ही आजारी का पडता? कारण पृथ्वी तुम्हाला खाली खेचतेय आणि तुम्ही आयुष्यात वर जायला बघताय!"

टाळ्या. मीही वाजवल्या. वाक्य चांगलं होतं.

"डॉक्टर तुमच्यात सुई घालतो. मी घालतो का? नाही! डॉक्टर तुम्हाला गोळी देतो. मी देतो का? नाही! मी फक्त काढतो!"

हे मात्र खरं होतं. दारात दक्षिणेची मोठी पेटी ठेवलेली होती.

मग पेशंट पुढं यायचा. पुरुषाची छाती उघडी, बाईचा हात कोपरापर्यंत. बाबा एका पत्र्याच्या डब्यातून राखी रंगाची पावडर काढून अंगाला चोळायचा. सतरा वनस्पतींची राख, रंध्रं उघडते म्हणे. मग मूठभर आकाराचा चुंबक पांढऱ्या रुमालात गुंडाळून अंगावरून फिरवायचा. डोळे मिटलेले, ओठ थरथरतायत, "येतंय... येतंय..." आणि रुमालावर खरंच काळे काळे काटे उभे राहायचे. रुमालातून चुंबक काढून घेतला की ते काचेच्या वाटीत पडायचे. लोक आधी श्वास रोखायचे आणि मग एकदम सोडायचे. बायका रडायच्या. बेकरीवाला स्वतःची वाटी घरी घेऊन गेला आणि शोकेसमध्ये ठेवली.

माझी वर्णी तिथं कशी लागली, ते ऐका. छातीवर केस असले तर पावडर कातडीपर्यंत नीट बसायची नाही. बाबा लोकांना सांगायचा, "केसांत फ्रिक्वेन्सी अडकते." मग दुसऱ्या बैठकीपासून त्यानं मलाच बोलावलं, पुरुषांच्या छात्या साफ करायला. मीही गेलो. असली जत्रा पहिल्या रांगेतून बघायला मिळत असेल तर मी घरी कशाला बसू?

तिसऱ्या बैठकीला बाबाचा मेहुणा चुंबक पुसत होता, म्हणून बाबा मला म्हणाला, "तुम्हीच लावा पावडर." मी डबा उचलला आणि माझं मनगट थबकलं.

अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या मानेला पावडर लावतोय. पावडरचा डबा किती जड असतो, हे मला नाही, मनगटाला माहीत आहे. एवढ्याशा डब्याला एवढं वजन? सतरा वनस्पती कसल्या होत्या, सागवानी दरवाजे जाळले होते काय? माझ्याच ब्रशनं पावडर लावली, थोडी एका रिकाम्या क्रीमच्या डबीत भरून घेतली, आणि ब्रश पिशवीत टाकून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. माझ्या भिंतीवर चुंबकाची एक पट्टी आहे, कात्र्या चिकटवून ठेवायला. तिच्याजवळ ब्रश टांगला, तर ब्रशातून राखी धूर निघाल्यासारखी पावडर उडाली आणि पट्टीला जाऊन बसली. पट्टीला काळी दाढी फुटली. अगदी बाबाच्या रुमालावर फुटते तशीच.

संपलं. पेशंटच्या अंगात काही नव्हतं. लोखंडाचा कीस पावडरमध्ये होता. बाबा आधी लोखंड लावायचा आणि मग तेच लोखंड काढायचा. हे म्हणजे तुमच्या खिशात स्वतःच पाकीट ठेवायचं आणि मग पाकीटमाराकडून सोडवलं म्हणून बक्षीस मागायचं.

आता इथं कुणीही शहाणा माणूस काय करेल? बाहेर जाऊन सांगेल. मी काय केलं? मी गालातल्या गालात हसलो, डबी कपाटात ठेवली आणि गप्प बसलो. फटाका वाजवायचा तर भरगर्दीत, असा माझा हिशोब. सातवी बैठक होऊ दे, मशीनचा रिपोर्ट येऊ दे, भंगारशेठची मिशी हातात येऊ दे, मग डबी काढू. तोवर मजा बघू. वहिनी टाचणीला दर महिन्याला नेत होत्या. नेऊ दे बिचाऱ्या, हाताला पावडर लावल्यानं कुणाचं काय बिघडतं?

असं मला वाटलं.

पाचव्या महिन्यात हॉस्पिटलात टाचणीच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. रिपोर्ट नॉर्मल. हृदय व्यवस्थित आकुंचन पावतंय, झडपा ठीक. बाबानं तो कागद स्टेजवरून पताकेसारखा हलवला. "हे मी नाही म्हणत! हे त्यांचंच मशीन म्हणतंय!" सभागृहात टाळ्यांचा नुसता पाऊस. भंगारशेठनं मिशीला पीळ दिला आणि माझ्याकडे बघून वस्तऱ्याची खूण केली. वहिनी डोळे पुसत होत्या. टाचणी मात्र खुर्चीत बसून दोन मजले चढून आल्यासारखी धापा टाकत होती. मी विचारलं तर म्हणाली, "गर्दीनं होतंय, मामा."

सातव्या बैठकीनंतर मोठ्या तपासणीचा दिवस आला. ट्रक लांब कुठंतरी होता, म्हणून वहिनींबरोबर मी गेलो. पैजेचा साक्षीदार म्हणून भंगारशेठही आला.

एमआरआयच्या दारात तंत्रज्ञ उभा होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "खिशात काय आहे?"

"काही नाही. कात्री."

"काही नाही म्हणजे कात्री होय? आत नेलीत तर बुलेटसारखी सुटेल. मागच्या वर्षी सफाईवाल्याची लोखंडी बादली उडून चिकटली, ती सोडवायला चार माणसं लागली. हा चुंबक आहे, काका. चोवीस तास चालू."

टाचणी आत गेली. चाळीस मिनिटं आम्ही बाकावर. काचेपलीकडे मशीनचा ठकठकाट आणि माइकवरून तंत्रज्ञाचा आवाज: श्वास घ्या, सोडा, रोखून धरा, आता घ्या. भंगारशेठ कुजबुजला, "स्वच्छ निघणार बघ." मी म्हटलं, "वस्तरा धार लावून ठेवलाय."

मग डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. पडद्यावर टाचणीचं हृदय धडधडत होतं, राखाडी रंगात. बाईंनी आधी आमच्याकडे बघितलंच नाही.

"सोनोग्राफीत हृदय कसं हलतंय ते दिसतं," त्या म्हणाल्या. "आत काय साठलंय ते दिसत नाही. गच्च भरलेली गाडीसुद्धा काही दिवस पळतेच ना, तसं. ते आत साठलेलं या मशीनला दिसतं. लोखंड असलं की चित्र पटकन काळं पडतं. किती लवकर काळं पडतं, ते आम्ही मोजतो. वीस मिलिसेकंदांच्या वर असलं की निर्धास्त. दहाच्या खाली गेलं की आम्हाला झोप लागत नाही."

"हिचं किती?" वहिनींनी विचारलं.

"मागच्या वर्षी एकोणीस होतं. आज नऊ आहे."

बाईंनी पडद्यावरच्या काळ्या भागावर बोट ठेवलं.

"मागच्या वर्षी तिचं हृदय आत भरलेल्या रक्तापैकी चौसष्ट टक्के एका ठोक्यात बाहेर फेकत होतं. आज छप्पन्न. अजून सांभाळून घेतंय ते. पण एक दिवस एकदम बसेल, आणि तेव्हा मग धावपळ करून फार उपयोग नसतो." बाई वहिनींकडे वळल्या. "ताई, गोळ्या चालू आहेत ना?"

वहिनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. टाचणीच बोलली.

"सात महिने बंद आहेत. बाबा म्हणाले, गोळी आणि चुंबक एकमेकांशी भांडतात."

मी पैज जिंकली होती. भंगारशेठनं माझ्याकडे बघितलं आणि मिशीवरचा हात खाली घेतला. गोळ्या बंद होत्या. मी पाच महिने डबी कपाटात ठेवून मजा बघत होतो, आणि इकडे पोरीच्या हृदयात लोखंड चढत होतं.

"आजच दाखल करा," बाई म्हणाल्या. "पंपानं कातडीखालून औषध सोडू, शिवाय गोळ्याही. दोन्ही. यातून पोरं बरी होतात, पण सुरू केलं तर."

वहिनी उठल्या. "रविवारी आठवी बैठक आहे. बाबा म्हणाले होते, बाहेर पडायच्या आधी सगळं लोखंड हृदयापाशी गोळा होतं. म्हणूनच ते दिसतंय. तेवढं ओढून घेतलं की झालं. मग दाखल करू."

"ताई, एक दिवस—"

"सात महिने माझी पोर उलट्या न करता जेवली!" वहिनींचा आवाज फाटला. "सात महिन्यांत एकदाही रडत ग्लास हातात घेतला नाही तिनं. तुम्हाला काय माहीत?"

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. सगळं सांगितलं. डबा, मनगट, ब्रश, कात्र्यांची पट्टी, कपाटातली डबी.

"केव्हा कळलं तुम्हाला हे?"

"तिसऱ्या बैठकीला."

"आणि आज सांगताय?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "भाऊजी, तुम्ही माझ्या लग्नात वरातीच्या घोड्याला मिरची खाऊ घातली होती. माझ्या दुकानाच्या पाटीवर एक एप्रिलला 'येथे म्हशी शिवून मिळतील' लिहिलं होतं. तुमचा कुठला शब्द मी खरा धरू?"

खरं बोलायची सवय ठेवली नाही, की खऱ्यालाही कुणी विचारत नाही.

रविवारपर्यंत तीन दिवस होते. मी माझ्या पद्धतीनं तयारी केली. साधी पांढरी पावडर घेतली, कोळशाची बारीक पूड मिसळून तिचा रंग जमवला, आणि बैठकीच्या आधी छात्या साफ करताना बाबाच्या डब्यातली पावडर काढून त्यात ही भरली. खरी पावडर माझ्या क्रीमच्या डबीत, डबी खिशात. आता बाबा चुंबक फिरवणार, काही निघणार नाही, आणि सगळ्यांसमोर तोंडावर आपटणार. पहिला पेशंट म्हणून मी भंगारशेठलाच पुढं केलं.

बाबानं पावडर चोळली. चुंबक फिरवला. येतंय... येतंय... काहीच येईना. रुमाल पांढराच. बाबानं डोळा किलकिला केला, परत मिटला.

"याच्या अंगात लोखंडच नाही!"

"अहो, मी भंगारवाला!" भंगारशेठ कळवळला. "तीस वर्षं गंज खातोय!"

"म्हणूनच! रोजच्या संगतीनं शरीर सावध झालंय!"

टाळ्या पडल्या.

मग वहिनी टाचणीला घेऊन पुढं आल्या. पावडर लावली. चुंबक फिरला. एकदा, दोनदा, तीनदा. रुमालावर एक कण नाही. बाबानं क्षणभर डबा हातात तोलला. त्याला कळलं. त्याच्या मनगटालाही कळलं. पण तो कसला बहाद्दर! त्यानं चुंबक वर उचलला आणि गरजला, "रिकामी! ही पोरगी रिकामी झाली! शेवटचा कण गेला! आई, तुमची मुलगी बरी झाली!"

अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. वहिनींनी बाबाचे पाय धरले. आणि मी स्टेजच्या कोपऱ्यात वस्तरा हातात घेऊन उभा. निघालं तर चमत्कार, नाही निघालं तर त्याहून मोठा चमत्कार. माझ्या हुशारीनं मी त्याच्या हातात पोरगी बरी झाल्याचा दाखलाच दिला होता. आता वहिनी हॉस्पिटलची पायरी चढणार नव्हत्या.

टाचणीनं माझ्याकडे हात केला. "मामा, डबी."

"काय?"

"व्हरांड्यात आईला सांगत होतात ती. द्या."

मी दिली. तिनं बाबाच्या हातातून माइक घेतला. तो देत नव्हता, पण बरी झालेल्या पेशंटला नाही कसं म्हणणार? लोकांना वाटलं, आता ही चार शब्द बोलणार.

"मी बरी झाले," ती म्हणाली. धाप लागत होती, म्हणून थांबून थांबून. "बाबांनी मला सात महिने बरं केलं. आता मीही थोडं शिकलेय. मी एका पेशंटला बरं करते."

तिनं स्टेजवरची प्लास्टिकची निळी खुर्ची पुढं ओढली. खुर्चीच्या हातावर डबीतली पावडर चोळली. बाबाच्या हातातला रुमालात गुंडाळलेला चुंबक घेतला आणि खुर्चीवरून फिरवला. डोळे मिटले.

"येतंय... येतंय..."

पहिल्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. रुमालावर काळे काटे उभे राहिले, चांगले दाट, लांबसडक. तिनं वाटी घेतली, रुमालातून चुंबक काढला. टिकटिक टिकटिक. माइक जवळच होता. तो आवाज शेवटच्या खिडकीपर्यंत गेला.

"खुर्चीला थॅलेसेमिया आहे," टाचणी म्हणाली. "सांभाळून बसा."

आता कुणी हसलं नाही. बेकरीवाला उठून उभा राहिला. "म्हणजे माझ्या शोकेसमध्ये—"

"पावडरमधलं आहे, काका. तुमचं तुमच्यातच आहे."

"ही निगेटिव्ह व्हायब्रेशन आहे!" बाबा ओरडला. "या मुलीत अजून—"

"अजून काय? आत्ता तर रिकामी म्हणालात." तिनं ओढणीखालून कागद काढला. "हा गुरुवारचा रिपोर्ट. मशीन म्हणतं, माझं हृदय लोखंडानं भरलंय. तुम्ही म्हणता रिकामं. बरं, तुमचा चुंबक काय उचलतो? टाचण्या. मी ज्या मशीनमध्ये झोपले होते ना, त्याच्यात त्याहून मोठा चुंबक आहे. लोखंडी बादली उडते त्यानं. मी चाळीस मिनिटं त्याच्या पोटात होते, आठ वर्षांची होते तेव्हापासून दरवर्षी जाते. चुंबकानं रक्तातलं लोखंड निघत असतं, तर मी कधीच बरी झाले असते. निघत नाही. ते मशीन फक्त बघतं. काढायचं काम गोळ्यांचं आहे."

तिला पुढं बोलवेना. ती त्याच खुर्चीत बसली. वहिनी बाबाचे पाय सोडून कधी उठल्या ते कुणी बघितलं नाही. त्या आल्या, वाटीत बोट घातलं, ते काळं बोट बराच वेळ बघितलं. मग डब्यातली माझी पावडर हुंगली, डबीतली हुंगली. आणि एकदम बाबाला म्हणाल्या, "तुला पोरं आहेत का रे?"

बाबा मागच्या दाराकडे सरकला, पण भंगारशेठ तिथं आधीच आडवा उभा होता, छाती अजून उघडी, पावडरनं माखलेली. पुढचं पोलिसांनी बघितलं. डबा, चुंबक आणि दारातली पेटी, सगळं त्यांनी नेलं.

वहिनी त्याच संध्याकाळी टाचणीला घेऊन हॉस्पिटलात गेल्या. अकरा दिवस ती तिथं होती.

परत आली ती कमरेला छोटा पंप लावून. पोटाच्या कातडीत बारीक सुई, रोज बारा तास. गोळ्याही सुरू. ग्लास हातात घेतला की चेहरा अजून वाकडा होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, हृदयातलं लोखंड यकृतातल्यापेक्षा हट्टी, ते महिन्यांनी नाही, वर्षांनी हलतं. सहा महिन्यांनी परत मशीनमध्ये जायचं, तेव्हा कळेल. आकडा नऊचा दहा झाला तरी पेढे वाटू, म्हणाल्या.

मग पैजेचा दिवस. मी दुकानातली खुर्ची चौकात आणून ठेवली. सगळी गल्ली जमली. भंगारशेठ आला आणि मुकाट्यानं बसला. मी कापड लावलं, वस्तरा घेतला.

"थांबा," टाचणी म्हणाली. "कोण जिंकलं म्हणता?"

"मी," मी म्हटलं.

"शेठकाकांनी विश्वास ठेवला, कारण त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला तिसऱ्या महिन्यात माहीत होतं. मग जास्त कोण हरलं?"

भंगारशेठ मिशीआडून म्हणाला, "पोरगी बरोबर बोलतेय." वहिनी दुकानाच्या दारात उभ्या होत्या. आत गेल्या नाहीत.

वस्तरा टाचणीच्या हातात द्यायची माझी हिंमत नव्हती, म्हणून केस कापायचं मशीन दिलं. तिनं आधी भंगारशेठची डावी बाजू काढली. मग तो उठला, मी बसलो. माझी उजवी.

"आणि अजून एक," ती मशीन बंद करत म्हणाली. "महिनाभर जो कोणी विचारेल त्याला पूर्ण सांगायचं. गाळायचं नाही काही."

गिऱ्हाईक विचारणारच. न्हाव्याचीच मिशी अर्धी म्हटल्यावर कोण सोडतो? पहिल्या दिवशी अकरा जणांनी विचारलं. तेव्हापासून मी रोज सांगतोय, तुम्हालाही सांगतो. कुणी तुमच्या अंगातून काही काढून दाखवत असेल, तर आधी त्यानं तुमच्या अंगाला काय लावलं ते बघा. तो पेशंटवर जे करतो ते खुर्चीवर करून बघा. खुर्चीही बरी होत असेल, तर उठा आणि डॉक्टरकडे जा. गोळी कडू लागते म्हणून बंद करू नका. आणि एखाद्याची लबाडी तुम्हाला कळली, तर त्याच दिवशी, त्याच जागी, ओरडून सांगा. चांगल्या मुहूर्ताची वाट बघू नका.

"आणि तुम्ही कधी सांगितलंत?" गिऱ्हाईक विचारतं.

मग मी आरशात बघून सांगतो. पाच महिने उशिरा.